हळू पडणारं दार

"अठ्ठेचाळीस," घड्याळावरची नजर न काढता धाकटा मिस्त्री म्हणाला, आणि बेलरचं मागचं दार एकदाचं खाली येऊन टेकलं.

"बघा! मी काय खोटं सांगत होते?" ट्रॅक्टरवरून मालकीणबाई ओरडल्या. "वर जाताना झटक्यात जातं. खाली यायचं म्हटलं की त्याच्या जिवावर येतं."

त्यांनी इंजिन बंद केलं आणि खाली उडी मारली. वाळलेल्या गवताचे गोल गठ्ठे बांधणारं हे यंत्र त्यांनी महिन्यापूर्वी एका म्हाताऱ्या शेतकऱ्याकडून घेतलं होतं. वापरलेलं होतं, पण नीट राखलेलं. यंत्र गवत आत ओढून गुंडाळत जातं, गठ्ठा माणसाच्या छातीइतका उंच झाला की मागचं भलंमोठं दार वर उचललं जातं, गठ्ठा घरंगळत बाहेर पडतो, दार मिटतं आणि ट्रॅक्टर पुढे निघतो. दार मिटेपर्यंत मात्र हलायची सोय नाही. शेतात दीडशे गठ्ठ्यांचं गवत कापून, वाळून, ओळींनी पडलं होतं आणि उद्या दुपारनंतर पाऊस सांगितला होता. मालकीणबाईंनी सकाळपासून तीनदा बोलून दाखवलं होतं की दर गठ्ठ्याला अठ्ठेचाळीस सेकंद म्हणजे एकूण दोन तास त्यांनी नुसतं दाराकडे बघत बसायचं.

धाकटा यंत्राच्या मागे गेला, वाकला आणि दाराच्या दोन्ही अंगांना असलेल्या सिलिंडरांकडे बघत राहिला. धाकटा म्हणायचं ते नावापुरतंच. त्याला सेहेचाळिसावं लागलं होतं, टक्कल पडायला लागलं होतं, जवळचा चष्माही आला होता. पण वडील अजून कामावर येत होते, आणि ते येत होते तोवर आसपासच्या सगळ्यांसाठी ते मोठे मिस्त्री आणि हा धाकटा.

मोठे मिस्त्री अवजारांच्या पेटीवर बसले होते. चौऱ्याहत्तर वर्षांचा माणूस, ताठ बसलेला, दोन्ही हात गुडघ्यांवर दाबून ठेवलेले. दाबले नाहीत तर ते हलायचे.

सकाळी दोघांनी एक दुखणं हातावेगळं केलं होतं. गठ्ठा एका बाजूला सैल येत होता. एका रोलरच्या टोकाला गवताचा पीळच्या पीळ गुंडाळून बसला होता, त्यानं पट्टा एका अंगाला सरकत होता आणि तिथलं बेअरिंग तापून निळं पडलं होतं. गवत सुरीनं कापून काढलं, नवं बेअरिंग बसवलं. बसवताना मोठ्या मिस्त्रींच्या हातून लॉकची रिंग दोनदा गवतात पडली. दोन्ही वेळा धाकट्यानं गुडघ्यांवर बसून ती शोधली आणि दोन्ही वेळा म्हणाला, "या रिंगाच मेल्या उडणाऱ्या."

आज परत जाताना, गाडीत, तो वडिलांना सांगणार होता. 'बाबा, उद्यापासून तुम्ही घरीच थांबा.' एवढंच वाक्य. ते त्यानं दाढी करताना आरशासमोर म्हणून पाहिलं होतं. सकाळी येताना चाळीस मिनिटांच्या रस्त्यात त्याला ते तीनदा म्हणता आलं असतं, पण वडील बेअरिंगांविषयी बोलत राहिले आणि ते बोलत होते ते बरोबरही होतं. निघताना बायकोनं डबा हातात देत बजावलं होतं, "आज तुम्ही नाही बोललात, तर मी बोलेन. आणि सुनेनं बोललेलं बरं दिसणार नाही."

तिचं काही चुकत नव्हतं. तीन महिन्यांपूर्वी मोठ्या मिस्त्रींनी एका ट्रॉलीचं चाक बसवलं, पाचही नट आवळले, आणि पाचही ढिले राहिले. ट्रॉलीवाल्याला चाक डगमगताना वेळेवर दिसलं म्हणून निभावलं. भला माणूस, त्यानं धाकट्याला बाजूला घेऊन सांगितलं, बोभाटा केला नाही. तेव्हापासून रोज संध्याकाळी वडील घरी गेले की धाकटा वर्कशॉपमध्ये मागे थांबायचा आणि त्यांनी दिवसभरात आवळलेला एकेक नट पुन्हा आवळायचा. कुठे पाव फेरा, कुठे अर्धा. घरी सांगायचा, "जरा आवरून आलो." त्याचा जीव मेटाकुटीला आला होता. पण दमण्याचं त्याला एवढं वाटत नव्हतं. पाना कसा धरायचा हे ज्या माणसानं हात धरून शिकवलं, त्याच्या पाठीमागे त्याचं काम तपासायचं, याची त्याला लाज वाटायची.

"तेल बघितलंस?" मोठ्या मिस्त्रींनी पेटीवरून विचारलं.

"बघितलं. पुरेसं आहे आणि स्वच्छ आहे."

"गेज?"

"तोही लावला. दाब बरोबर आहे. दार वर जातंय झटक्यात, म्हणजे पंपाचं काही नाही."

"हं," मोठे मिस्त्री म्हणाले.

धाकट्याला वाटत होतं, आपल्याला दुखणं कळलं आहे. त्यानं मालकीणबाईंना समजावून सांगितलं. दार वर जातं ते तेलाच्या जोरावर, खाली येतं ते स्वतःच्या वजनानं, आणि येताना सिलिंडरातलं तेल परत मागे ढकलतं. तेल वर नेणाऱ्या नळीच्या आतलं अस्तर सुटलं असेल, तर तेल जाताना ते बाजूला होतं आणि परत येताना आडवं पडतं. बाहेरून बघाल तर नळी ठणठणीत. अशी दोन यंत्रं त्यानं पाहिली होती.

"मग बदला की," मालकीणबाई म्हणाल्या.

त्याच्या गाडीत त्या मापाची नळी होती. इंजिन बंद होतं, दार खाली होतं, तरी त्यानं लिव्हर पुढेमागे करून नळीतला उरलेला दाब मोकळा केला. जुनी नळी काढली. नव्या नळीचं वरचं टोक त्यानं लावलं, खालचं मोठ्या मिस्त्रींनी मागून घेतलं. ते गवतात एक गुडघा टेकून बसले, पाना नटावर बसवायला त्यांना जरा वेळ लागला, मग त्यांनी दोन्ही हातांनी, श्वास रोखून जोर लावला.

"झालं," ते म्हणाले.

"बाबा, गाडीतून एक फडकं आणता का? तेल सांडलंय."

"आणतो."

गाडी बांधाजवळ उभी होती, शंभरएक पावलं. मोठे मिस्त्री उठले आणि चालू लागले. ते पाठमोरे झाल्यावर धाकट्याला आठवलं की फडकं आपल्याच मागच्या खिशात आहे, निम्मं बाहेर लोंबतंय. त्यानं ते घाईघाईनं आत कोंबलं, वाकला आणि खालच्या नटाला पाना लावला. नट पाव फेऱ्याहून थोडा जास्तच फिरला. मालकीणबाई बघत होत्या. त्यांनी तोंड उघडलं, मग धाकट्याच्या चेहऱ्याकडे पाहून मिटलं आणि उगाचच ट्रॅक्टरच्या टायरवरचं गवत झाडायला लागल्या.

मोठे मिस्त्री फडकं घेऊन आले. यायला त्यांनी भरपूर वेळ घेतला होता.

इंजिन सुरू झालं. दार वर गेलं. धाकट्यानं घड्याळ धरलं. दार खाली यायला लागलं, सावकाश, कुणाची झोप मोडू नये अशा बेतानं. अर्ध्या वाटेवर आलं तेव्हाच त्याचं तोंड उतरलं.

"सत्तेचाळीस," तो म्हणाला.

"एक सेकंद वाचला," मालकीणबाई म्हणाल्या, पण त्यांच्या बोलण्यात हसू नव्हतं. त्यांनी वर बघितलं. आभाळात ढगाचं नखसुद्धा नव्हतं, आणि त्यामुळे उद्याचा पाऊस आणखीच खरा वाटत होता.

धाकट्यानं जुनी नळी उचलून तिच्यातून आरपार पाहिलं. स्वच्छ गोल उजेड दिसला. त्यानं ती गवतात फेकली. "आता सिलिंडर खोलावे लागतील. दोन्ही. सीलं बघावी लागतील. नवी लागली तर ती मागवायला हवीत."

"म्हणजे आज नाही."

"आज नाही होणार, ताई."

मालकीणबाईंनी शेताकडे पाहिलं. लांब, शेताच्या दुसऱ्या टोकाला त्यांचा दीर दुसऱ्या ट्रॅक्टरनं राहिलेलं गवत ओळीला लावत होता. त्याला अजून काही माहीत नव्हतं. त्यानं लांबूनच हात हलवला आणि बाईंनीही हलवला.

"दोन्ही सिलिंडर सारखेच हळू येतात का रे?" मोठ्या मिस्त्रींनी विचारलं.

"हो. सारखेच."

"मग दोघांची सीलं एकाच दिवशी, एकाच मापानं गेली म्हणायची? जुळ्यांनासुद्धा ताप असा मोजून येत नाही."

धाकटा थांबला.

"शिवाय सील गेलं तर दार हळू कशाला पडेल? उलट धाडकन पडेल," मोठे मिस्त्री म्हणाले. ते सावकाश बोलत होते, चुका काढण्याचा सूर नव्हता. "कचरा अडकला असता तर वर जातानाही अडला असता. एका बाजूनं सोडायचं आणि दुसऱ्या बाजूनं अडवायचं, एवढी अक्कल कचऱ्याला नसते. तेल दोन सिलिंडरांकडे जिथून फुटतं, तिथं बघ."

"तो टी-जोड आहे, बाबा. लोखंडाचा ठोकळा. त्यात बिघडण्यासारखं आहे काय?"

"मग उघडायला काय हरकत आहे?"

हरकत काहीच नव्हती, फक्त धाकट्याचा चेहरा पडला होता. त्यानं दाब मोकळा केला, टी-जोडाचा नट सोडला. थोडं तेल आलं. मग त्यानं जोड उलटा करून तळहातावर आपटला आणि आतून सदऱ्याच्या बटणाएवढी एक चकती त्याच्या हातावर पडली.

मोठ्या मिस्त्रींनी ती दोन बोटांत धरून उजेडात नेली. बोटं थरथरत होती, म्हणून त्यांनी मनगट छातीला टेकवलं. चकतीच्या मधोमध सुईएवढं भोक होतं आणि कडेला तीन खाचा होत्या. तेल वर जाताना चकती ढकलली जाऊन बाजूला होत होती आणि खाचांमधून तेल मोकळं जात होतं. परत येताना ती जोडाच्या तोंडावर सपाट बसायची आणि मग एवढ्या मोठ्या दाराचं सगळं तेल त्या एका भोकातून यायचं.

"कुठल्या मूर्खानं हे..." धाकटा म्हणाला.

"मूर्ख एवढ्या कडा घासत बसत नाही. हात लावून बघ. पॉलिश पेपर मारलाय. कारखान्यातलं नाही हे, कुणीतरी हातानं केलंय."

चकतीशिवाय जोड पुन्हा लागला. नट मोठ्या मिस्त्रींनी आवळला, ते तिथंच बसलेले होते आणि पाना त्यांच्या हातात होता. या वेळी धाकट्याला फडक्याचं सुचलं नाही, मालकीणबाई आधीच ट्रॅक्टरवर चढल्या होत्या. दार वर गेलं आणि खाली आलं. धप्प आवाज झाला.

"नऊ!" धाकटा ओरडला.

मालकीणबाईंनी दोन्ही हात वर केले. त्यांचा चेहरा इतका उजळला की धाकट्यालाही हसू आलं. "मोठे मिस्त्री, तुम्ही माणूस आहात की कोण आहात! चला, लागते मी कामाला."

"थांबा, ताई," मोठे मिस्त्री म्हणाले. "ज्यांच्याकडून यंत्र घेतलं, त्यांचा फोन नंबर आहे?"

"आहे. का?"

"ही चकती का बसवली ते विचारा. का ते कळल्याशिवाय कुणी मुद्दाम बसवलेली वस्तू काढून टाकायची नाही. तुम्ही हे यंत्र चालवणार आहात. त्याच्या दाराखाली उभ्या राहणार आहात."

धाकट्यानं घड्याळ पाहिलं. वडिलांचा हा नियम त्याला लहानपणापासून पाठ होता आणि लहानपणापासूनच त्याचा कंटाळा होता. त्याला निघायचं होतं. गाडीत बसायचं होतं आणि ते वाक्य एकदाचं बोलून मोकळं व्हायचं होतं. आज वडिलांनी दुखणं पकडलं, त्यानं ते वाक्य सोपं झालं नव्हतं, पण नटही काही आपोआप घट्ट झाले नव्हते. तो पाने गोळा करायला लागला.

मालकीणबाईंनी इंजिन बंद केलं, खाली उतरून फोन लावला आणि सगळ्यांना ऐकू यावं म्हणून स्पीकर चालू केला.

"हां, बोला ताई," पलीकडून म्हाताऱ्याचा खणखणीत आवाज आला. "यंत्र बरं आहे ना?"

"बरं आहे, काका. दार फार हळू पडत होतं. मिस्त्रींना आत एक चकती सापडली."

 पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज, पावलांचा आवाज. म्हातारा बोलला तेव्हा त्याचा आवाज निम्म्यानं खाली आला होता.

"काढलीत का?"

"काढली. तुम्ही बसवली होती?"

"मीच. बरं केलंत काढली ते. मीच काढून द्यायला हवी होती, विसरलो. तुम्हाला त्रास झाला."

"पण बसवली कशाला?" मोठे मिस्त्री पुढे होऊन म्हणाले. "मी मिस्त्री बोलतोय. काम फार सुरेख केलंय तुम्ही."

म्हातारा खुश झाल्याचं आवाजातही कळलं. "सुरेख कसलं. चार बिघडवल्या, पाचवी जमली. त्याचं असं झालं, मी ट्रॅक्टरवर आणि आमची ही मागे. गठ्ठा पडला की काठावर गवताची झुलपं राहतात, ती दाताळ्यानं ओढून काढायची, मग मी दार मिटायचं. चाळीस वर्षं अशीच जोडी. पुढं हिचे गुडघे गेले. मग कान गेले. मी हॉर्न वाजवायचो, हिला पत्ता नाही. एकदा दारात दाताळं सापडलं. दांडा काडीसारखा मोडला. ही म्हणाली, 'दांडाच मोडलाय ना, नवा घालू.' मला मात्र चार दिवस जेवण गेलं नाही."

"मग?"

"मग काय. घरी बस म्हणालो असतो तर बसली असती. माझ्या शब्दाबाहेर नाही ती. पण घरी बसून करायचं काय तिनं? भिंती बघायच्या? म्हणून दारच हळू केलं. तिला म्हणालो, यंत्र म्हातारं झालंय आपल्यासारखं, आता दार असंच पडणार. पाच वर्षं काढली तशी. बाजूला व्हायला वेळ मिळायचा तिला. आता दोघांनीही सोडलं शेत, म्हणून यंत्र विकलं. पण ताई, एक करा. कधी भेटलात तर हिच्यासमोर बोलू नका. तिला माहीत नाही."

तेवढ्यात मागून एका बाईचा आवाज आला, मोठा, ऐकू कमी येणारी माणसं बोलतात तसा. "अहो, कोणाचा फोन?"

"यंत्र घेतलंय ना, त्या ताईंचा!" म्हातारा ओरडून म्हणाला. "दार हळू पडतं म्हणतात! म्हटलं, जुनं यंत्र, असंच पडणार!"

 मग म्हातारीचा आवाज पुन्हा आला.

"त्यांना म्हणावं, तेलाला-पंपाला उगाच हात लावू नका. तिथं काही नाही."

म्हातारा हसला आणि पुन्हा हळू आवाजात फोनवर म्हणाला, "ऐकलंत? यंत्रातलं ओ की ठो कळत नाही, पण सल्ला द्यायला पुढं." मग त्यानं दोन वेळा विचारून घेतलं की नव्या घरी दाराच्या मागे कोण उभं राहतं, आणि कोणी नाही असं कळल्यावर निश्चिंत होऊन फोन ठेवला.

मालकीणबाई डोळे पुसत हसत होत्या. "काय बाई तरी हा माणूस. पाच वर्षं ताकास तूर लागू दिली नाही तिला."

"तिला ठाऊक आहे," मोठे मिस्त्री म्हणाले.

"काय?"

"सगळं. तेला-पंपात काही नाही, हे ती इतक्या खात्रीनं कशी बोलली? यंत्र म्हातारं झालं की त्याचा आवाज बदलतो, ते तेल टाकतं, कुरकुरतं. याचं फक्त दार म्हातारं झालं होतं. रोज त्याच्या मागे उभ्या राहिलेल्या बाईला एवढं कळत नाही?"

"मग बोलली का नाही कधी?"

मोठ्या मिस्त्रींनी विचार केला. "बोलली असती तर दोघांनाही अवघड झालं असतं. त्याला वाटत होतं आपण सांभाळतोय. वाटू दिलं तिनं."

धाकटा पाने गोळा करायचा थांबला होता. त्याच्या कानांच्या पाळ्या गरम झाल्या होत्या. त्यानं वडिलांकडे पाहिलं, पण ते चकती फडक्यानं पुसत होते, सकाळपासून पुसायची राहून गेल्यासारखी. पुसून झाल्यावर त्यांनी ती मालकीणबाईंना दिली.

"परत घालायची का?" बाईंनी विचारलं.

"तुम्ही सांगा. तुमच्या मागे कोणी नसतं. उद्या पाऊस आहे."

"मग नको. पण ठेवते." त्यांनी ट्रॅक्टरच्या सीटखालच्या डब्यात ती टाकली. "माझेही गुडघे काही कायम असे राहणार नाहीत."

त्या चढून बसल्या, इंजिन सुरू करणार एवढ्यात मोठे मिस्त्री म्हणाले, "एक मिनिट." ते वाकले. टी-जोडाच्या नटाखाली तेलाचा एक थेंब जमला होता. तो बघता बघता भरला, लोंबला आणि गवतात पडला. दुसरा जमायला लागला.

हा नट त्यांनीच आवळला होता. धाकट्यालाही थेंब दिसला. सवयीनं त्याचं तोंड उघडलं.

"बाबा, जरा गाडीतून..."

"फडकं ना?" मोठे मिस्त्री म्हणाले. त्यांच्या हातात फडकं होतं. "आणायला जाऊ, की या वेळी इथंच थांबू?"

मालकीणबाईंनी अचानक स्टिअरिंगवर काहीतरी चिकटलंय असं दाखवून ते नखानं खरवडायला घेतलं. धाकटा उभाच राहिला. वडिलांच्या चेहऱ्यावर राग नव्हता, टोमणाही नव्हता. डोळ्यांच्या कडांना किंचित हसू होतं, आणि थोडी भीतीही होती. ती भीती त्यानं वडिलांच्या डोळ्यांत यापूर्वी पाहिली नव्हती.

"थांबा," तो म्हणाला.

तो खाली बसला. मोठे मिस्त्रीही हाताचा आधार घेत त्याच्या शेजारी बसले. धाकट्यानं पाना लावला आणि आवळलं, वडिलांसमोर, पहिल्यांदाच. नट फिरला.

"किती?" मोठ्या मिस्त्रींनी विचारलं.

धाकट्याला खोटं बोलावंसं वाटलं. "अर्धा फेरा," तो म्हणाला.

"हं." त्यांनी फडक्यानं नट पुसला आणि दोघं वाट बघत बसले. थेंब जमला नाही.

दोघं परतीच्या रस्त्याला लागले. मागे शेतातून यंत्राचा आवाज येत होता, मध्येच दार मिटल्याची धप्प ऐकू यायची, आणि मोठे मिस्त्री प्रत्येक वेळी मान हलवायचे. वळणानंतर आवाज बंद झाला.

"मी हल्ली साडेपाचलाच निघतो," मोठे मिस्त्री म्हणाले. ते समोर रस्त्याकडे बघत होते. "पूर्वी सहाला निघायचो. मग तू मागे थांबणार, सगळं पुन्हा आवळणार, तुला घरी यायला साडेसात व्हायचे. सूनबाई ताट वाढून बसलेली. म्हटलं, आपणच अर्धा तास आधी निघावं. म्हणजे तुला अर्धा तास आधी सुरू करता येईल."

धाकट्यानं गाडीचा वेग कमी केला. मग रस्त्याच्या कडेला घेऊन थांबवलीच. समोरचं त्याला नीट दिसत नव्हतं. त्यानं चष्मा काढला, सदऱ्याला पुसला, परत घातला. त्यानं काही फरक पडला नाही.

"कधीपासून माहीत आहे तुम्हाला?"

"ट्रॉलीच्या दुसऱ्या दिवसापासून. ट्रॉलीवाला मला बघून फार गोड बोलायला लागला." ते थांबले. "तू कधी सांगतोस याची वाट बघत होतो. सकाळी तुला बोलू दिलं नाही, बेअरिंगचं काढून बसलो. मुद्दामच. आज नको वाटलं. पण आता बोल तुला जे बोलायचंय ते. मी ऐकतो."

त्यांनी हात गुडघ्यांवर दाबून धरले होते. रस्त्यावरून एक सायकलवाला गेला, त्यानं गाडी ओळखून दोघांना हात केला. दोघांनीही हात केला.  धाकट्याचं वाक्य पाठ होतं, ते तसंच तोंडावर आलं.

"बाबा, उद्यापासून..."

मोठे मिस्त्री थांबून राहिले.

"उद्यापासून सहालाच निघू," धाकटा म्हणाला. "दोघं बरोबर. तुम्ही लावायचं, लगेच तिथंच मी आवळायचं. संध्याकाळचं काही मागे ठेवायचं नाही."

 मोठ्या मिस्त्रींनी गुडघ्यांवरचे हात सोडले, ते हलायला लागले तरी पुन्हा दाबले नाहीत.

"चालेल," ते म्हणाले. "पण मग दुपारी मी अर्धा तास आडवा होईन. दमायला होतं रे मला."

"व्हा की," धाकटा म्हणाला आणि त्यानं गाडी सुरू केली.